आमच्या वाङ्मयांतील दुखणेकरी

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस लोणी काळभोर येथें आमच्या पुतणीच्या घरीं सहा आठवडे राहण्याचा प्रसंग आम्हांस आला. प्रसंग आनंदाचा नव्हता. पुतणीचें वय एकतीस, पदरीं साडेतीन वर्षांचा मुलगा, आणि हृदयाच्या डाव्या बाजूची एक झडप इतकी निकामी झालेली कीं, ती काढून तिच्या जागीं दुसरी बसविल्यावांचून गत्यंतर नव्हतें. शस्त्रक्रिया यथासांग पार पडली. घरांतील कामांपैकीं दोन कामें आमच्या वांट्यास आलीं: मुलाला सांभाळणें, आणि दुखणेकरणीस वाचावयास पुस्तकें पुरविणें. पहिलें आपणांस येत नाहीं व दुसरें येतें, असा आमचा समज होता. सहा आठवड्यांत पहिलें थोडेंबहुत साधलें. दुसऱ्याविषयींचा समज मात्र पार ढांसळला. तो कसा ढांसळला हें सांगण्यासाठींच हा लेख आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीं भेटावयास आलेल्या मंडळींनीं नारळ, मोसंबीं आणि उपदेश ह्यांबरोबर डॉ. अभय बंग ह्यांचें 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हें पुस्तकहि आणलें. अशा तीन प्रती जमल्या. चौथी आम्हीं स्वतः नेली होती. मुलीनें चार दिवसांत पुस्तक वाचून संपविलें, आणि आमची प्रत आमच्या हातीं देत ती म्हणाली, "काका, पुस्तक छान आहे. पण माझं काय चुकलं, ते काही त्यात सापडत नाही." पंचवीस वर्षें वर्गांत वाङ्मयटीका शिकवीत असूनहि इतकी नेमकी टीका आमच्या हातून क्वचितच झाली असेल. पुढील सारें विवेचन म्हणजे त्या एका वाक्याचा विस्तार होय.

प्रथम हें पाहिलें पाहिजे कीं, आमच्या वाङ्मयांत दुखणें येतें तें कशासाठीं? बहुधा तें मरणासाठीं येतें. ह्याचें सर्वांत ठळक उदाहरण लोणीपासून फार दूर नाहीं. लोणीजवळच मुळामुठेच्या कांठीं थेऊर आहे. अष्टविनायकांपैकीं चिंतामणीचें स्थान तें हेंच. शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यांत मुलाला घेऊन आम्ही तेथें गेलों होतों. थोरले माधवराव पेशवे क्षयानें जर्जर होऊन ह्याच ठिकाणीं १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं निवर्तले, तेव्हां त्यांचें वय अवघें सत्तावीस वर्षांचें होतें. रमाबाई त्यांच्यामागें सती गेल्या. ह्या कथेवर रणजित देसाई ह्यांनीं १९६२ मध्यें 'स्वामी' ही कादंबरी लिहिली आणि ती मराठी घराघरांत पोंचली. तिचें करुणगंभीर सौंदर्य आम्हांस मान्य आहे. तरुणपणीं तिनें आमच्याहि डोळ्यांस पाणी आणलें आहे. परंतु देवळाच्या ओवरींत बसून ती आठवीत असतां एक गोष्ट आमच्या प्रथमच ध्यानांत आली. तींतील दुखण्यास एकच वाट ठाऊक आहे, व ती उतरणीची आहे. कथानायक जसजसा क्षीण होतो तसतसा तो आमच्या मनांत मोठा होत जातो. तो बरा झाला असता तर कादंबरीचें काय झालें असतें, हा प्रश्न विचारणेंहि अरसिकपणाचें वाटेल. पण आमच्याबरोबर जें मूल देवळाच्या पायऱ्या चढउतार करीत होतें, त्याच्या दृष्टीनें विचारण्यासारखा तेवढाच एक प्रश्न होता. शिवाय माधवराव निपुत्रिक होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशीं येऊन "मला घे" म्हणणारें कोणी त्या शोकनाट्यांत नाहीं. असतें तर त्याची गंभीर लय तितकी अखंड राहिली नसती.

दुखण्याचें दुसरें प्रयोजन उपदेश हें होय, आणि डॉ. बंग ह्यांचें पुस्तक हा त्याचा उत्तम नमुना आहे. ह्या पुस्तकावर उणा शब्द लिहितांना लेखणी जपून चालविली पाहिजे. २००० सालीं राजहंस प्रकाशनानें काढलेलें हें पुस्तक मराठींत रुग्णानें स्वतः लिहिलेल्या निवेदनांत अग्रस्थानीं शोभेल असें आहे. गडचिरोलीसारख्या भागांत लोकांच्या आरोग्यासाठीं आयुष्य वेंचणारा एक डॉक्टर ऐन चव्वेचाळिसाव्या वर्षीं हृदयविकाराच्या झटक्यानें आडवा होतो. आपलाच देह शास्त्रज्ञाच्या नजरेनें तपासतो. आपली धांवपळ, आपला आहार, आपल्या मनाची ओढाताण ह्यांचा हिशेब मांडतो. आणि चालणें, योग, ध्यान व अल्प स्निग्धाचें भोजन ह्यांच्या साह्यानें आयुष्याची घडी नव्यानें बसवितो. लेखकाचा प्रामाणिकपणा निःसंशय आहे, भाषा निर्मळ आहे, आणि शास्त्र व आत्मपरीक्षण ह्यांचा इतका सहज मेळ आमच्या गद्यांत फारसा आढळत नाहीं. तें वाचून कित्येकांनीं पहांटे फिरावयास जाण्याचा परिपाठ ठेवला असेल, व तें योग्यच झालें.

मग दोष कोठें आहे? आमच्या मतें तो पुस्तकांत नसून आम्हां वाचकांत आहे. रोहिणी अरुंद होऊन होणाऱ्या रोगाची ही कहाणी आम्हीं सर्व हृदयरोगाची कहाणी करून टाकली. मनुष्य चुकतो, देह इशारा देतो, मनुष्य शहाणा होतो, हा क्रम पुराणांतील आख्यानांमुळें आमच्या अंगवळणीं पडलेला आहे. दुखण्याच्या शेवटीं तात्पर्य असलें कीं आम्हांस समाधान वाटतें. पण ज्या दुखण्याला तात्पर्यच नाहीं त्याचें काय करावयाचें? पुतणीनें विचारलें तें हेंच.

तिच्या रोगाचें स्वरूप येथें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. लहानपणीं, बहुधा पांच ते पंधरा ह्या वयांत, घसा दुखून ताप येतो. असें तर प्रत्येक घरीं होतें. परंतु कांहीं मुलांत त्या घशांतील जंतूंशीं लढण्यासाठीं शरीरानें उभारलेली फौज लढाई संपल्यावर आपल्याच घरावर उलटते. सांधे सुजतात व उतरतात. आईबाप निश्चिंत होतात. हृदयाच्या झडपांवर उठलेला वण मात्र राहतो. सांधेज्वर सांध्यांना नुसता चाटतो पण हृदयाला चावतो, अशी वैद्यकांत एक जुनी उक्ति आहे. पुढें दहा, पंधरा, वीस वर्षें तो वण हळूहळू आकसतो, झडपेच्या पाकळ्या एकमेकींस चिकटतात, आणि तरुणपणीं जिना चढतांना धाप लागते. पुरुषांपेक्षां स्त्रियांत ह्या झडपेचें अरुंदपण अधिक आढळतें. आणि गरोदरपणीं शरीरांतील रक्त वाढत असल्यामुळें तोंवर दबून असलेला रोग पुष्कळदां त्याच वेळीं उघडकीस येतो. आमच्या पुतणीचें तसेंच झालें. तिच्या आईस एवढेंच आठवतें कीं, मुलगी सातवींत असतां गुडघे दुखतात म्हणून आठ दिवस शाळेंत गेली नव्हती. ह्यांत चूक कोणाची? आहाराची नाहीं, आळसाची नाहीं, महत्त्वाकांक्षेची तर नाहींच. दाटीवाटीच्या घरांत आणि वेळेवर औषध न मिळणाऱ्या वस्तींत हा रोग अधिक फैलावतो. राहणीमान सुधारलें तसा तो युरोप-अमेरिकेंतून बराचसा हटला. ज्या मुलांस एकदां हा ज्वर झाला, त्यांस दर तीन आठवड्यांनीं पेनिसिलिनची सुई टोंचीत राहिल्यास पुढील पुष्कळ हानि टळते. तेव्हां ह्या रोगापासून धडा घ्यावयाचाच असेल तर तो समाजानें घ्यावयाचा आहे. रोग्यास त्यांत पश्चात्ताप करण्यासारखें कांहीं नाहीं.

रोहिणीच्या रोगाला मराठींत लेखक मिळाला. झडपेच्या रोगाला लाभलेलें पुस्तक आमच्या पाहण्यांत आलेलें नाहीं. ह्याचें कारण उघड आहे. पहिला रोग लिहित्या वर्गास आणि लिहित्या वयांत होतो. दुसरा होतो तो बहुधा अशांना, कीं ज्यांच्या हातीं लेखणीपेक्षां लाटणें किंवा खुरपें असतें. शल्यविशारदांची बाजूहि आमच्याकडे लिहिली गेली आहे, डॉ. नीतू मांडके ह्यांच्या पत्नी डॉ. अलका मांडके ह्यांनीं लिहिलेलें 'हृदयस्थ' हें त्याचें उदाहरण. शस्त्रक्रियेच्या मेजावर जी निजलेली असते तिची बाजू तेवढी अलिखित आहे.

आणि हें मेज कांहीं नीरस नाहीं! ह्या झडपेस इंग्रजींत जें नांव आहे तें ख्रिस्ती धर्माध्यक्षाच्या दुभंग टोपीवरून व्हेसेलियसनें दिलें. म्हणजे तिच्या नांवांतच एक उपमा दडलेली आहे. १९२५ सालीं लंडनमध्यें हेन्री साउटर ह्यानें एका तरुण मुलीच्या धडधडत्या हृदयांत बोट घालून अशी झडप चांचपली; ती मुलगी बरी झाली, पण दुसरा रोगी त्याच्याकडे कोणा वैद्यानें पाठविलाच नाहीं, आणि ती विद्या तेवीस वर्षें थबकली. १९४८ मध्यें अमेरिकेंत व इंग्लंडांत ती पुनः सुरू झाली. १९६० मध्यें आल्बर्ट स्टार ह्या शल्यवैद्यानें लोवेल एडवर्ड्स नांवाच्या यंत्रज्ञानें बनविलेली पिंजऱ्यांतल्या चेंडूची झडप माणसाच्या हृदयांत बसविली. आपल्या देशांत तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेंत डॉ. वलियाथन ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं झडपेचे तीन नमुने फसले. चौथा साधला आणि डिसेंबर १९९० मध्यें तो प्रथम रोग्यास बसविला गेला. परदेशी झडपेची किंमत न परवडणाऱ्या असंख्य घरांना त्यामुळें आधार झाला. हेच वलियाथन पुढें चरकावर ग्रंथ लिहिते झाले. कादंबरीकारास ह्याहून काय हवें?

तथापि खरें नाट्य यंत्रांत नाहीं, तें घरांत आहे. शस्त्रक्रियेपूर्वीं डॉक्टरांनीं पतिपत्नींस समोर बसवून दोन प्रकारच्या झडपा समजावून दिल्या. एक धातूची व कार्बनची: ती जन्मभर टिकण्यासारखी, परंतु तिच्यावर रक्त गोठूं नये म्हणून रोजची गोळी आमरण घ्यावयाची, रक्ताची तपासणी वरचेवर करावयाची, आणि ही गोळी पोटांतल्या गर्भाला अपायकारक असल्यामुळें दुसरें मूल हवें असल्यास मोठी जोखीम. दुसरी जनावराच्या ऊतीची: तिला ती गोळी जन्मभर लागत नाहीं, परंतु तरुण देहांत ती लवकर झिजते; दहापंधरा वर्षांत, कधीं त्याहूनहि लवकर, छाती पुनः उघडणें आलें. म्हणजे निवड अशी: अजून न जन्मलेलें एक मूल, कीं जन्मलेल्या मुलाच्या बाराव्यातेराव्या वर्षीं पुनः हीच टांगती तलवार? सासूबाई सोवळ्याओंवळ्याच्या, पण झडप कोणत्या जनावराची हें त्यांनीं विचारलें नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, "पुन्हा कापावं लागेल का हिला?" लागण्याचा संभव आहे, असें कळल्यावर त्या उठून आंत गेल्या. त्या रात्रीं पतिपत्नींत काय बोलणें झालें तें आम्हांस ठाऊक नाहीं व तें विचारण्याचा आमचा अधिकार नाहीं. सकाळीं मुलीनें धातूची झडप हवी म्हणून सांगितलें. आमच्या कथाकादंबऱ्यांत नायिकेपुढें कर्तव्य आणि प्रेम ह्यांचे पेंच पुष्कळ टाकले जातात. इतका अवघड पेंच इतक्या थोड्या शब्दांत सुटलेला आम्हीं वाचलेला नाहीं.

तयारीचे दिवसहि असेच बिनबोभाट गेले. किडलेल्या दांतांतून जंतु रक्तांत शिरून नव्या झडपेवर ठाण मांडतात, म्हणून प्रथम दांत तपासून घेतले. परंतु मुख्य तयारी मुलाची होती. उरोस्थि मधोमध कापून तारांनीं पुनः बांधतात. ती सांधण्यास सुमारें तीन महिने लागतात, व तोंवर पांच किलोहून जड कांहीं उचलावयाचें नाहीं. मुलगा चौदा किलोंचा. तेव्हां महिनाभर आधींपासूनच तिनें त्याला उचलणें हळूहळू कमी केलें. एक लांकडी पाट आणून खाटेशीं ठेवला आणि "आपला आपण चढ, मग कुशीत ये" असा खेळ लावून दिला. इस्पितळानें आपली आई हिरावून घेतली असें मुलाला वाटूं नये, म्हणून तिनें ती आधींच थोडथोडी काढून घेतली. हें आम्हांस फार उशिरां उमगलें. आम्ही त्या वेळीं तिला मुलाचे लाड कमी केल्याबद्दल बोललों होतों.

चार्ल्स लॅम्बनें १८२५ सालीं दुखण्यांतून उठणाऱ्या माणसावर एक निबंध लिहिला, तो आम्ही दरसाल वर्गांत शिकवितों. दुखणेकरी हा आपल्या बिछान्याचा राजा आहे. सारें घर त्याच्याभोंवतीं फिरतें, आणि तो बरा होऊं लागला कीं त्याचें राज्य खालसा होतें, अशी ती रम्य कल्पना आहे. ह्या वर्षीं तो निबंध शिकवितांना आमची जीभ अडखळली. लॅम्ब अविवाहित होता. साडेतीन वर्षांच्या मुलाची आई कोणत्या बिछान्याची राणी होणार? इस्पितळांतून घरीं आल्यावर खोकला आला म्हणजे उशी छातीशीं घट्ट कवटाळावयाची, अशी शिकवण तिला मिळाली होती. मुलाला वाटे, आई आपल्याऐवजीं उशीला जवळ घेते. श्वास ओढून तीन चेंडू वर चढविण्याचें एक यंत्र तिला दिलें होतें. तें पहिल्याच दिवशीं मुलानें खेळणें म्हणून पळविलें. तिसऱ्या आठवड्यांत मुलगा अंगणांत पडला, गुडघा फुटला, आणि रडत आईकडे धांवला. ती उठली, दोन पावलें पुढें गेली, हात पुढें केले, आणि तसेच मागें घेतले. पाठीशीं हात बांधून ती खालीं बसली व म्हणाली, "पाट आण." मुलानें रडत रडतच पाट आणला, त्यावर चढला आणि तिच्या खांद्यावर डोकें ठेवलें. तें पाहून आम्ही उगाच वर्तमानपत्र उघडून बसलों.

रात्रीं निजानीज झाली म्हणजे धातूच्या झडपेची टिकटिक खोलींत ऐकूं येई. पहिले काहीं दिवस तिला त्या आवाजानें झोंप लागेना. मुलाला मात्र त्याच आवाजानें झोंप लागूं लागली. मेथी व पालक ह्या भाज्यांनीं गोळीचा परिणाम कमीजास्त होतो, म्हणून त्या अजिबात वर्ज्य न करतां नेहमीं सारख्याच प्रमाणांत खावयाच्या, असा नियम. तो कळल्यावर सासूबाईंनीं मेथीची जुडी वाटीनें मोजावयास सुरुवात केली. असल्या गोष्टी कोणत्याहि साक्षात्कारांत मोडत नाहींत. पण बरें होणें म्हणतात तें बहुतेक असल्याच गोष्टींचें बनलेलें असतें.

प्रेम व युद्ध ह्यांच्या बरोबरीनें दुखण्यास वाङ्मयांत स्थान कां नसावें, असा प्रश्न व्हर्जिनिया वुल्फ ह्या विदुषीनें १९२६ मध्यें केला. त्यानंतर सुसान सोंटॅग ह्यांनीं १९७८ मध्यें बजावलें कीं, रोगाला रूपकांनीं नटवूं नका. त्याचा भार रोग्यावरच पडतो. दोघींचें म्हणणें एकत्र घेतलें म्हणजे आमच्या लेखकांपुढील काम स्पष्ट होतें: दुखण्याविषयीं लिहावें, पण त्याला दृष्टांत करूं नये. हें मराठींत अशक्य नाहीं. पद्मजा फाटक ह्यांनीं मूत्रपिंडरोपणासारख्या विषयावरील आपल्या पुस्तकास 'हसरी किडनी' असें नांव दिलें, ह्यांतच त्यांची वृत्ति दिसते. आणि त्याहूनहि मागें जावयाचें तर लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' आहेतच. संकट येतें, त्याच दिवशीं चूलहि पेटवावी लागते, व दोन्हींची हकीकत एकाच सुरांत सांगतां येते, हें त्या बाईंनीं आम्हांस शिकविलें. झडपेच्या रोगाचें पुस्तक जेव्हां लिहिलें जाईल तेव्हां त्याचें गद्य ह्या घराण्यांतलें असावें, असें आमचें मत आहे.

कोणी म्हणेल, एका घरच्या अनुभवावरून वाङ्मयास धडे देणें हा प्राध्यापकी आगाऊपणा होय. आक्षेप आम्हांस मान्य आहे. आमचें एवढेंच म्हणणें कीं, दुखण्यांतून उठणाऱ्यास आम्ही जें पुस्तक देतों तें त्याच्या दुखण्याचें आहे कीं आमच्या समजुतीचें, हें एकदां पहावें. दोष नसलेल्या माणसाच्या हातीं आत्मशुद्धीचा ग्रंथ ठेवणें, हा एक प्रकारचा आरोपच होतो; आणि तो आम्हीं, वाङ्मयावर पोट भरणाऱ्या माणसानें, आपल्या पुतणीवर केला.

निघण्याच्या दिवशीं तिची वही आम्हांस पाहावयास मिळाली. डाव्या बाजूस रक्ततपासणीची तारीख, आंकडा व गोळीची मात्रा. उजव्या बाजूस, जागा उरली म्हणून, मुलाविषयीं एखाददुसरी ओळ. एका तारखेसमोर आंकडा होता आणि उजवीकडे लिहिलें होतें कीं, आज पाट न मागतां तो आपणहून माझ्याशेजारीं बसून जेवला. हें छापण्यासाठीं लिहिलेलें नाहीं, आणि तें छापावें असें आम्हीं तिला सुचविलेंहि नाहीं. परंतु महाराष्ट्रांत अशा वह्या आणखीहि असतील. त्या ज्यांच्याजवळ असतील त्यांनीं त्या जपाव्या, आणि संपादकांनीं त्या कधीं हातीं आल्याच तर शेवटीं तात्पर्य जोडण्याचा आग्रह धरूं नये.

डॉ. बंग ह्यांच्या पुस्तकाची आमची प्रत आम्ही परत आणली. ती आमच्या कामाची आहे. आमचें वय पंचावन्न आहे, वजन असावें त्याहून अधिक आहे, आणि पहांटे फिरावयास जाण्याचा संकल्प गेलीं सहा वर्षें नुसता संकल्पच आहे.